अंजनाला शून्यावर आणण्याबाबत

केनवडच्या शाळेत सातवीतल्या अंजनाला चांगलं इंग्रजी लिहिता येतं, ही गंभीर बाब जुलै महिन्यात उघडकीस आली.

त्या वर्षी जिल्ह्यात इंग्रजी लेखन विकास मोहीम सुरू झाली होती. प्रत्येक मुलाने जुलैत एक निबंध लिहायचा आणि मार्चमध्ये दुसरा. दोन्हींतला फरक म्हणजे प्रगती. ज्याची प्रगती सर्वांत जास्त, त्याला वाशिमच्या निवासी शाळेत जागा. अंजनाला ती जागा हवीच होती. त्यासाठी ती दोन वर्षं नागपूरच्या मावशीशी मोबाइलवर रोज इंग्रजीत भांडली होती. जुलैच्या निबंधाचा विषय होता बैल, आणि त्यावर ती पानभर, स्वच्छ आणि स्वतःचं लिहू शकत होती.

तपासणीला आलेल्या मंजुषा मॅडमनी तिचा निबंध वाचला आणि चष्मा काढून ठेवला. “ही तर मार्चची पातळी आहे. जुलैतच गाठली, तर पोरगी प्रगती करणार कुठे?”

“पोरीले येते, हा काय गुन्हा हाय काय मॅडम?” शाळेत बोलावून घेतलेली अंजनाची आई सरिता म्हणाली.

“गुन्हा नाही हो, पण तक्त्यात बसत नाही. फेरचाचणीची संधी देते. आठवडाभरात शून्यावर आणा.”

सरिताने वर्गशिक्षक शालिग्राम सरांना गाठलं. “सर, शिकाले दोन वर्सं लागले. इसराले आठवडा पुरन काय?”

सरांनी त्याच दिवशी ‘प्रारंभिक पातळी निर्मिती वर्ग’ उघडला. अंजना हुशार, मन लावून चुका करायची. पण बैल काही केल्या पाठ सोडेना, प्रत्येक पानात तो ओळखू यायचा.

“अजून समजून राह्यलं, बाई,” सर कपाळाला हात लावून म्हणाले. “समजाले नोको.”

शेवटी अंजनाने फेरचाचणीत सरांचंच एक पान आठवून उतरवलं. मार्चमध्ये सगळ्या वर्गाने पाठ करून लिहावं म्हणून सरांनी जीव ओतून लिहिलेलं ते आदर्श इंग्रजी उत्तर होतं.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा उजळला. “याला म्हणतात शून्य. कशाचा कशाला पत्ता नाही.”

पान कोणाचं, हे कळल्यावर तर मोहिमेत आनंदीआनंद झाला: शिक्षकच शून्यावर, म्हणजे अख्ख्या वर्गाला प्रगतीला वाव. ‘नमुना शून्य’ म्हणून ते जिल्हाभर वाटलं गेलं. रिसोडला ‘शून्याची लेखी हमी’ देणारे क्लास निघाले. सरांचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. अंजनाला मात्र सरांकडे बघवेना.

“सर, म्या मुद्दाम नाही केलं.”

“चूप राय,” सर नारळ सांभाळत म्हणाले. “तुही जागा पक्की झाली ना? मंग झालं तर.”

मार्चमध्ये बैल परत आला, शिंगांसकट. प्रगतीत अंजना जिल्ह्यात पहिली.

निवासी शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी कोरे कागद वाटले. “बघू या, कोणाला किती इंग्रजी येतं.”

अंजनाने हात वर केला. “मॅडम, किती येऊ देऊ?”

हसा, खुशाल हसा. पण साहेब नवं काम घेऊन टेबलाशी आले, तेव्हा येत असूनही “मला नाही हो जमत ते” असं तुम्हीच म्हणाला होतात. फरक इतकाच, की अंजना हे सातवीत शिकली. तुम्हाला नोकरी लागेपर्यंत थांबावं लागलं.