कोनशिला आणि उमेदवार

डंकन मकफीच्या हातात चांदीची थापी दिली आणि बँड वाजायचा थांबला. आता फक्त एक वाक्य म्हणायचं होतं: "ही कोनशिला नीट आणि पक्की बसली आहे, असं मी जाहीर करतो." मग चहा, केक आणि आठवड्याने मतदान.

पण शिळा तिरकी होती. गव्हाच्या दाण्याएवढीच, दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही आली नसती. डंकन मात्र मूळचा गवंडी. पुढे ठेकेदार होऊन त्याने अर्धं कुरावीन गाव बांधलं होतं. त्यात नगरभवनाच्या या पायाचा ठेकाही त्याच्याच कंपनीचा. चूक कबूल करावी, तर कंपनीची अब्रू आणि सिडनीच्या विधानसभेतली खुर्ची, दोन्ही जाणार. विरोधी उमेदवार हॅलम वकील समोरच दात कोरत उभा होता.

"म्हणून टाका की, साहेब," मुकादम पॅस्को कुजबुजला. "काल सभेत गावात रेल्वे आणतो नाही का म्हणालात?"

"रेल्वेचं वेगळं. ती कुठं डोळ्यांसमोर आहे?"

डंकनने तोंड उघडलं, मिटलं आणि कोट काढला. "एल्सपेथ, धर हा."

"अहो, निदान शर्टाची तरी दया करा!" बायको म्हणाली.

चांदीची थापी पहिल्याच फटक्यात वाकली, तेव्हा त्याने पॅस्कोची लोखंडी हिसकावली. शिळा दोरांनी वर उचलली, जुना चुना खरवडला, नवा पसरला. थोडा आशीर्वादाला आलेल्या बिशपसाहेबांच्या जोड्यांवरही पसरला. केकवर माश्या बसल्या, बँडवाले सावलीत आडवे झाले.

हॅलमला आयतंच फावलं. "बघा लोकहो, स्वतःचंच काम उखडतोय! हा काय राज्य बांधणार?"

"होय, माझंच काम आहे," डंकन मान वर न करता म्हणाला. "आणि वाकडंच होतं."

बोलून गेल्यावर त्याला फार हलकं वाटलं. शिळेवर ठेवलेल्या पाणसळीतला बुडबुडा मधोमध येऊन थांबला, तसं त्याने ते वाक्य छाती फुगवून म्हटलं. लोकांनी टोप्या उडवल्या. "जिंकलात, साहेब!" पॅस्कोने डोळे पुसले.

मतदानात डंकन सपशेल आपटला.

त्याला काही उमजेना. दुसऱ्या दिवशी पाववाला ओडाउड दारात आला. समारंभात सगळ्यांत जोरात टाळ्या त्यानेच पिटल्या होत्या.

"तू तरी मला मत दिलंस ना रे?"

"छे! हॅलमला दिलं."

"त्या लबाडाला?"

"मग! तो सिडनीला गेला तर गावाचं काय अडतंय? तुझ्यासारखा गवंडी तिकडे धाडला, तर माझी भट्टी कोण बांधणार? सगळे हेच म्हणत होते."

डंकनने थापी उचलली. हरल्याचं दुःख होतंच; पण इतकी मोठी स्तुती त्याच्या वाट्याला कधी आली नव्हती.

"चल," तो म्हणाला, "आधी भट्टी दाखव."