लिफ्टची शिट्टी

लिफ्ट बंद झाली ती बिघडली म्हणून नाही, तर कानसेनांनी बंद केली म्हणून. महिन्याच्या तपासणीला ते गच्चीवरच्या मोटर रूममध्ये गेले, मान तिरकी केली, डोळे मिटले आणि म्हणाले, "शिट्टी येतेय."

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यात त्यांना सगळे याच नावाने हाक मारत, कारण लिफ्टचं दुखणं ते नुसतं ऐकून सांगत. मीटर, टॉर्च वगैरे पिशवीत असायचं, पण आधी कान. उभं आयुष्य त्यांनी मोटरींच्या घरघराटात काढलं होतं आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

"बारीक आहे, पण आहे," त्यांनी खाली येऊन सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं. "बेअरिंग ओरडतंय. अशी लिफ्ट मी चालू ठेवणार नाही."

आता एवढा नावाजलेला माणूस शिट्टी येते म्हणतो आणि आपल्याला ती ऐकू येत नाही, हे कबूल कोण करणार? सेक्रेटरींनीही मान तिरकी केली. "हो हो! मी म्हणणारच होतो."

झालं! संध्याकाळपर्यंत शिट्टी अख्ख्या इमारतीला ऐकू यायला लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची अर्धशिशी म्हणे तिच्यामुळेच होती. पाचव्या मजल्यावरच्या वकिलांची झोप तिनेच उडवली होती. "मला तर ती दोन सुरांत ऐकू येते," असं काकूंनी ठणकावून सांगितलं, तेव्हा वकिलांचं तोंड जरा उतरलं.

कानसेनांनी ग्रीस भरलं, मोटर फिरवून पाहिली. शिट्टी तशीच. बेअरिंग बदललं. तशीच. मोटर पार खोलून पुन्हा जोडली, तरी तशीच. लोक पिशव्या घेऊन धापा टाकत जिने चढत होते, पण कुणी कुरकुरत नव्हतं. उलट, इतका खोलात जाणारा माणूस मिळायला नशीब लागतं, असं एकमेकांना सांगत होते. शेवटी वैतागून कानसेनांनी मेन स्विचच खाली ओढला.

"आत्ता कशी गप्प बसली!" मागे उभे असलेले सेक्रेटरी म्हणाले.

कानसेनांनी मान तिरकी केली. मोटर गार पडली होती आणि शिट्टी वाजतच होती. तीच, तेवढीच, डाव्या बाजूला.

घरी गेले तर ती तिथेही हजर. बायकोला सांगितलं, तर ती हसली नाही. त्यामुळे ते जास्तच घाबरले.

"टीव्ही केवढ्यांदा लावता, माहितीय?" ती म्हणाली. "मी स्वयंपाकघरातून काहीही बोलले की तुम्ही 'हं' म्हणता. कशालाही 'हं'! मला वाटायचं, कंटाळलात मला."

"अगं, छे! मला ऐकूच येत नव्हतं."

"मग तसं सांगायचं की हो! एवढी वर्षं मी उगीच रुसत बसले."

कानाच्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं की, मोटरींच्या आवाजाने बारीक आवाज ऐकण्याची ताकद गेलीय आणि ही शिट्टी त्याच्याच पोटातून आलीय. ती पुसून टाकेल असं औषध नाही. ऐकायचं यंत्र लावा, मोटर रूममध्ये कान झाका, अगदी निवांत खोलीत बसू नका, पंखा किंवा रेडिओ हळू चालू ठेवा. "आणि तिच्या मागे लागू नका. तिला वाजू दे, तुम्ही तुमचं काम करा."

"पण माझं कामच ऐकण्याचं आहे हो," कानसेन म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. ऐकू न येणाऱ्या कानसेनांना यापुढे कोण विचारणार?

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळींना तळमजल्यावर जमवून सांगून टाकलं. "लिफ्ट ठणठणीत आहे. शिट्टी माझ्याच कानात वाजते. चुकलो, माफ करा."

काकू उसळल्या. "असं कसं? मला ऐकू आली ना!"

"आम्हा सगळ्यांचे कान खोटे काय?" वकील म्हणाले.

"काम टाळताय तुम्ही!" सेक्रेटरींनी निकाल दिला आणि तिथल्या तिथे लिफ्ट कंपनीच्या मालकांना फोन लावला. "दुसरा माणूस पाठवा. ज्याला शिट्टी ऐकू येते असा!"

मालकांनी कानसेनांना बोलावून सगळी हकीकत ऐकली आणि पोट धरधरून हसले. "मीटर आहे, हात आहेत, यंत्र लावताय. तुम्हाला सोडून मी जाऊ कुठे? चार दिवस दम खा, मग जा आणि लिफ्ट सुरू करा."

"पण मी दुरुस्त काय केलं, असं विचारलं तर?"

"ते त्यांचं तेच सांगतील."

आणि झालंही तसंच. कानसेन कानात नवं यंत्र घालून आले, ते काकूंना शिट्टी पकडायचं मशीनच वाटलं. त्यांनी स्विच वर केला. सगळ्यांनी माना तिरक्या केल्या.

"गेली!" सेक्रेटरी म्हणाले. "बघा, मनात आणलं की जमतं."

"माझे दोन्ही सूर गेले," काकूंनी जाहीर केलं. मंडळी खुशीत लिफ्टमध्ये दाटीवाटीने शिरून वर गेली.

खाली एकट्या पहिल्या मजल्यावरच्या आजी उरल्या. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून झालेली.

"माझी नाही थांबली," त्या हळूच म्हणाल्या.

कानसेन वळले.

"तुम्ही लिफ्ट बंद केलीत ना, तेव्हा इतकी खूष झाले मी! म्हटलं, एवढी वर्षं छळणारी सापडली एकदाची. मुलगा म्हणतो, आई, तुझ्या मनाचे खेळ आहेत. पण तुम्हालाही ऐकू येते म्हटल्यावर..." आजींनी वर गेलेल्या लिफ्टकडे बोट दाखवलं. "आज सगळ्यांची गेली. माझीच तेवढी राहिली."

कानसेनांना गलबलून आलं. ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि त्यांनी आजींनाही शेजारी बसवलं. "माझीही चालू आहे, आजी. आत्तासुद्धा."

"खरं?"

"डाव्या कानात."

"माझ्या दोन्ही!" आजी म्हणाल्या आणि त्यांच्या बोलण्यात किंचित तोरा आला.

"मग तुम्ही सीनियर. उद्या चला माझ्याबरोबर डॉक्टरबाईंकडे. ती जाणार नाही म्हणतात, पण तिच्याबरोबर राहता येतं. मीही आत्ता कुठे शिकतोय."

आजींनी डोळे पुसले. तेवढ्यात रिकामी लिफ्ट खाली आली. आजींनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. "काय हो, ही ठीक आहे ना? काही वेडावाकडा आवाज नाही ना येत?"

"मीटरने तपासलीय. आवाजाचं तुम्ही सांगा."

"मी? मी काय कप्पाळ सांगणार!"

दोघं एकमेकांकडे बघून खळखळून हसली आणि उगाच जोखीम कशाला, म्हणून जिन्यानेच वर चढायला लागली.