उंडीच्या झाडांना कारणे दाखवा

झाड जिथे उभं राहतं तिथलं पाणी, वारा आणि ऊन त्याच्या बियांच्या तेलात उतरतं. ही गोष्ट विज्ञानाने मान्य केली आहे. नियमावलीत मात्र अजून आलेली नाही.

हरिहरेश्वरच्या मनुबाईंना विज्ञान ठाऊक नव्हतं, म्हणून त्या तीस वर्षं रानच्या उंडीचं तेल नीट काढत आल्या. किनाऱ्यावरच्या झाडांचं पातळ तेल दिव्याला, म्हसळ्याकडच्या डोंगरातलं घट्ट तेल गुडघ्याला. डबे दोन, चमचेही दोन. पुढे देवळाच्या रस्त्यावर बिनशिक्क्याचं तेल विकायला बंदी आली आणि मनुबाईंनी वन्य तेल एकरूपता मंडळाकडे शिक्क्यासाठी अर्ज केला.

दोन्ही नमुने तपासून मंडळ हादरलं. जात एक आणि तेलं दोन! (मंडळाचा प्रमाण नमुना कचेरीच्या अंगणातल्या उंडीचा होता. ती एसीच्या ठिबकणाऱ्या पाण्यावर वाढली होती आणि तिने वरिष्ठांना कधी तक्रारीला जागा दिली नव्हती.)

चौकशीला हर्षदसाहेब आले. माणूस कमालीचा कर्तव्यदक्ष. त्यांनी सत्तेचाळीस झाडांवर नोटिसा डकवल्या. एकाही झाडाने मुदतीत खुलासा केला नाही. (तीन नोटिसा शेळ्यांनी खाल्ल्या, त्या 'पोहोचल्या' अशी नोंद आहे.)

"साहेब," मनुबाई म्हणाल्या, "ह्याला रोजचा खारा वारा, त्याला डोंगराची सावली. तेल सारखं कसं व्हईल?"

"मग दोघांत चुकतंय कोण?"

"कोनच न्हाय."

"तसा रकाना नाही, मावशी."

तोडगाही साहेबांनीच काढला: दोन्ही तेलं एकत्र करा, सरासरी बरोबर नियमात बसते. सून प्राप्ती म्हणाली, "करून टाका आई, देवळाच्या रस्त्यावर विकायला बसायची जागा तरी राहील." मनुबाईंनी एका डब्यात दुसरा ओतला. ओतताना त्यांनी तोंड फिरवलं होतं.

शिक्का मिळाला. ते तेल दिव्यात धुरकटतं, गुडघ्यावर नुसतं चिकटतं; खप मात्र चौपट झाला. वेगवेगळी तेलं मनुबाई अजून काढतात, पण ती ओळखीच्यांना, पदराआडून.

मागच्या सहलीत तुम्हीही त्यांच्यासमोर उभे होतात. त्यांनी इकडेतिकडे बघून हळूच विचारलं होतं, "दिव्याला पायजे, का गुडघ्याला?"

तुम्ही म्हणालात, "शिक्क्याचं द्या."