जांभळीची आडवी फांदी : इतर (कारणासहित)

लहान मुलांना भूगोल शिकवायचा असेल, तर त्यांना कोणती जागा आवडते हे आधी वरिष्ठ कार्यालयाला समजलं पाहिजे. मुलांना ते माहीत असतंच. पण त्याची लेखी नोंद कुठंच नसते. ही गंभीर त्रुटी दूर करण्यासाठी २०११ च्या जानेवारीत एक परिपत्रक निघालं आणि बिरसीच्या विमानतळाअलीकडच्या एका टोल्यावर, म्हणजे लहान वस्तीवर, रुख्मिणी कटरे मॅडमच्या तिसरीच्या वर्गात येऊन पोचलं.

प्रत्येक मुलानं आपल्या आवडत्या ठिकाणाचा नकाशा काढायचा आणि त्यावर तीन मिनिटं बोलायचं, असा उपक्रम होता. मॅडमला तो मनापासून आवडला. एकोणीस वर्षांच्या नोकरीत परिपत्रक आवडण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे त्यांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्या वाचनात परिशिष्ट ब सापडलं. त्यात आवडण्यास पात्र ठिकाणांची यादी होती : धार्मिक स्थळ, ऐतिहासिक स्थळ, शासकीय इमारत आणि शेवटी 'इतर (कारणासहित)'.

मुलांना यादी दाखवायला मॅडम विसरल्या. (मुद्दाम विसरल्या, असं पुढं त्यांनीच कबूल केलं.) अठरा नकाशे आले. सहा जणांना राइस मिलमागचा कोंड्याचा ढीग आवडत होता, चौघांना खाटेखालची जागा. नीतूला तिच्या बकरीशेजारी बसायला आवडे; बकरी एका जागी थांबत नसल्यानं नकाशात ती तीन ठिकाणी दाखवली होती. गुलशनला दिवाळीची सुट्टी आवडत होती आणि ती जागा नव्हे, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

चंचलनं बोडी काढली होती. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं. तिच्या पारीवर, म्हणजे बांधावर, एक जांभूळ, त्याची एक फांदी पाण्यावर आडवी आलेली, फांदीवर पाच ठिपके. उत्तर दिशेचा बाण नव्हता. त्याऐवजी एका कोपऱ्यात लिहिलं होतं, 'विमान इकडून येते.'

शेजारच्या शाळेतल्या चौतीसच्या चौतीस मुलांना ग्रामपंचायत भवन आवडल्याची बातमी एव्हाना आली होती. मॅडम बराच वेळ चंचलचा कागद हातात धरून बसल्या. मग त्यांनी 'इतर' वर खूण केली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं : 'आवडते म्हणून.'

सादरीकरणाच्या दिवशी विस्तार अधिकारी टेंभरे साहेब स्वतः आले. सतरा मुलं झाली तोवर साहेबांचे दोन चहा झाले होते. मग चंचल उठली.

"साहेब, हे आमच्या बोडीवरची जांभळी. आमी पाचजणी या फांदीवर पाय बुडवून बसतो."

"पाचच काऊन?"

"सहावी बसली का फांदी करकरते."

साहेबांनी लिहून घेतलं : 'भारवहन क्षमता, पाच बालिका.'

"अन् तठी विमान शिकणाऱ्याइचं विमान दोनदा दिसते. एकदा वर, एकदा पाण्यात. पाण्यातलं हळूहळू जाते."

साहेबांचं पेन थांबलं. ते म्हणाले, "चल बेटा, दाखव."

सगळा वर्ग बोडीवर गेला. साहेबांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि फांदीवर बसले. फांदी करकरली. विमान आलं, वरून गेलं, पाण्यातूनही गेलं. साहेब वीस मिनिटं काही बोलले नाहीत. शिक्षण खात्यातला हा उच्चांक असावा. उठताना म्हणाले, "बहुत बढिया! मॅडम, हे तर पुढं पाठवावंच लागेल."

मॅडमला आनंद झाला. तो अडीच महिने टिकला.

एप्रिलमध्ये त्या जागेची 'आदर्श आवडते ठिकाण' म्हणून निवड झाली आणि तिचा विकास सुरू झाला. सुरक्षिततेसाठी काटेरी तारेचं कुंपण आलं. फांदीखाली सिमेंटचा खांब आला, त्यामुळं करकर थांबली. पाण्यात पाय सोडण्यास मनाई झाली. वेळ ठरली अकरा ते पाच, रविवारी बंद. (म्हणजे शाळा भरलेली असताना उघडं.) चंचलचा नकाशा बारा फुटांचा करून पारीवर उभारला, त्यात उत्तरेचा बाणही घातला. आपण जिथं उभे आहोत तिथं कसं यायचं, हे त्यावरून स्पष्ट कळे. फक्त तो फलक विमान येण्याच्या बाजूला लागल्यानं फांदीवरून विमान दिसेनासं झालं.

उद्‌घाटनाच्या फोटोसाठी चंचलला उचलून कुंपणापलीकडं ठेवलं. ती फांदीवर पाय वर घेऊन बसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी चंचलला बाजूला बोलावलं. "माझं चुकलं ग पोरी. मी पाठवायला नको होतं."

"जाऊ द्या ना मॅडम. आमी दुसरी जागा पाहून ठेवली हाये."

"कुठं?"

चंचलनं मॅडमच्या हाताकडं पाहिलं. "पहिले पेन ठेवा."

मॅडमनं पेन टेबलावर ठेवलं. चंचलनं कानात सांगितलं. मॅडम एवढ्या मोठ्यानं हसल्या की पलीकडच्या वर्गातले गुरुजी जागे झाले.

पुढच्या वर्षी नवं परिपत्रक आलं तेव्हा मॅडमच्या वर्गात अठरापैकी अठरा मुलांना ग्रामपंचायत भवन आवडलं. उत्तर वर, प्रमाण अचूक, शेरा : 'लक्षणीय प्रगती.' शनिवारी शाळा सुटली की मॅडम हातात चपला घेऊन कुठंतरी जातात, एवढंच गावाला माहीत आहे.

ती दुसरी जागा नेमकी कुठं आहे, असं या क्षणी आपल्याही मनात आलं असेल. आपला हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. टेंभरे साहेबांचाही होता. आपण पहिलीच जागा पाहावी. रस्ता झाला आहे, फलक लांबून दिसतो, आणि तिथं गर्दी अजिबात नसते.