ढोलोजीराव वायुभरे यांच्या उच्छ्वासाचा निवाडा

श्री. तेजास दंडवत, धुळीस दंडवत, धुळीचे गोळे होवोन माजले त्यांसही दंडवत. शके चार कोटी बत्तीस, फुगवटानाम संवत्सर. ते समयीं एका दूरच्या राज्यात तारा हाच महाराज आणि ग्रह ते सरदार, आणि तख्तास खेटोन ढोलोजीराव वायुभरे बसत असत, अंगाने अगडबंब. महाराजांस प्रदक्षिणा चार दिवसांत पुरी, म्हणोन वर्ष चार दिवसांचे, आणि दर चौथे दिवशी वाढदिवसाची जिलबी, मग अंग फुगेल नाही तर काय! खोटे लिहीन तर दौत सांडो. मग शेजारचा लहानगा खडकाळ ग्रह धोंडोजी खडपे फिर्याद घेवोन आला कीं, "महाराज, ही जागा आमची मिरास. हा उपरा बाहेरून घुसला." ढोलोजीराव गरजले, "आईच्यान! मी याच उबेत जन्मलो." महाराजांनी हुकूम केला कीं खोटा ठरेल त्याने बर्फाच्या मुलखात चालते व्हावे, आणि बर्फ ऐकताच ढोलोजीरावांस हुडहुडी भरली.

मग परमुलखीच्या श्वासपारखी अंबूबाई यांस निवाडा करावयास सांगितले. बाई मोठ्या खमक्या. ढोलोजीराव महाराजांपुढून जात असता त्यांच्या उच्छ्वासातून गाळोन आलेला उजेड बाईंनी दूरबिणीत धरिला आणि बोलिल्या, "सरदार, येथल्या उष्म्यात पाण्याची वाफच होते. येथे जन्मता तर पोटात वाफ मुबलक असती. तुमच्यात ती नावाला, कोळशाचे वायू मात्र बक्कळ. पाणी गोठोन हवेतून वजा होते आणि हे वायू मागे उरतात, तेथली ही हवा. अहो, तुम्ही बर्फापलीकडचे!"

ढोलोजीराव ढसढसा रडले आणि म्हणाले, "होय. तेथे थंडी फार, हाकेस ओ देणारे कोणी नाही, म्हणोन सरकत सरकत आलो. परत धाडू नका हो!" धोंडोजी नाचो लागला, "हाकला यास!" मग बाई म्हणाल्या, "थांबा, तुमचाही श्वास पाहू," आणि पाहिले तो श्वासच नाही. "महाराजांच्या तापाने तुमची हवा केव्हाच उडाली. मिरास सिद्ध करणार कशाने? आणि सरदार, मागे पाहा, तुमचीही चालली आहे." ढोलोजीरावांनी वळोन पाहिले तो पागोट्याचा शेमला सुटावा तैसा श्वास मागे वाहत होता. महाराज खजील जाहले आणि म्हणाले, "हुकूम मागे घेतला. पण सरदार, येथे राहिल्याने झिजाल." ढोलोजीराव डोळे पुसोन बोलिले, "झिजेन. पण बोलावयास कोणी आहे."

सारांश इतुकाच कीं सरदार तेथेच राहिले, दर चौथे दिवशी किंचित बारीक होतात, आणि जिलबीचे ताट आधी धोंडोजीकडे जाते.