शुद्ध केलेलं भाषण

नवरात्राची तिसरी माळ होती आणि अकरा वाजता प्राध्यापक दत्तोपंतांना कॉलेजात ‘धर्म शिकवताना स्त्रीची नजर’ या विषयावर बोलायचं होतं. समितीला बोलणं पटलं, की स्त्री-अभ्यास केंद्राचं संचालकपद त्यांचंच. बायकांच्या केंद्रावर बुवा कशाला, हे विचारायचं कोल्हापुरात कुणाला सुचलं नव्हतं. भाषण बायकोनं, पद्मजाबाईंनी लिहून दिलं होतं. त्या दुसऱ्या कॉलेजात हाच विषय शिकवायच्या. दत्तोपंत तो नुसता मिरवायचे.

सकाळीच पद्मजाबाई बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. “माझी अडचण आलीय.”

“घरात घट बसलाय आणि आजच?” जणू बाईंनी अर्ज करून तारीख मागून घेतली होती. “कशाला शिवू नकोस. भाषण कुठाय?”

“हे काय, माझ्या हातात. शेवटचं पान दुरुस्त करत होते.”

विटाळ हे पुरुषांनी माजवलेलं थोतांड आहे, असं ठणकावून सांगणारं भाषणच विटाळलं! आणि हे घेऊन सरस्वतीच्या तसबिरीपुढं उभं राहायचं? त्यांनी कागद चिमट्यानं उचलले, पाटावर पसरले आणि सढळ हातानं गोमूत्र शिंपडलं. अक्षरं शाईच्या पेनाची. बघता बघता सगळी पानं निळी झाली.

“आता वाचू काय, कपाळ?”

“मला तोंडपाठ आहे,” पद्मजाबाई म्हणाल्या.

“मग चल! शेजारी बसून हळूच सांग. तिथं कुणाला काय कळतंय!”

“आणि अखंड दिव्यात तेल कोण घालणार? विझला तर घराला अवकळा, तुम्हीच म्हणता.”

“तू थां...” दत्तोपंतांनी जीभ चावली.

“मी कशी शिवणार? तुम्ही बसा, मी बोलून येते.” त्यांनी चपला घातल्या. धर्मापुढं नवऱ्याचं काही चाललं नाही.

दुपारी कार्यक्रम भरवणाऱ्या शिवलीलाबाईंचा फोन आला. “सर, म्याडम लई भारी बोलल्या! समितीनं केंद्र त्यांनाच द्यायचं ठरवलंय.”

दत्तोपंतांचा जळफळाट झाला. “तिला आज कुठं सही करायला चालत नाही. बाजूला बसलीय ती.”

“आमच्यात विटाळ पाळत न्हाईत, सर. आणि तुमच्याच भाषणात त्याला थोतांड म्हटलंय की!”

“ते मी लिहिलेलं नाही!” दत्तोपंत ओरडले.

“म्हाईत हाय की,” शिवलीलाबाई म्हणाल्या, “म्हणून तर केंद्र त्यांना दिलं.”