सरकारी अंडी, पाच पिल्लं

मांजर आणि कोंबडी यांचं एका परसात पटू शकतं की नाही, या विषयावर अख्ख्या मुळशी तालुक्यात माझ्याइतका अधिकारी माणूस दुसरा नाही! ही बढाई नव्हे. तशी सरकारदरबारी नोंद आहे. फॉर्मावर आहे, तीन प्रतींत आहे आणि खाली साहेबांची सही आहे. एवढं सगळं असताना खरं काय घडलं हे विचारणं म्हणजे निव्वळ चोंबडेपणा. पण तुम्ही विचारणारच, म्हणून सांगून टाकतो.

साल अठ्ठावन्न. मी नुकताच ग्रामसेवक होऊन मुळशीतल्या एका गावी आलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून माझी ओळख आहे. जन्म पुण्याच्या नाना पेठेतला. कोंबडी पाहिलेली फक्त ताटात, तीही रश्श्यात बुडालेली. पण सहा महिन्यांचं ट्रेनिंग झालेलं, खिशाला फाउंटन पेन आणि तोंडात 'शास्त्रीय पद्धत' हे दोन शब्द. त्या काळी ग्रामसेवकाला याहून जास्त काही लागत नसे.

नोकरी मात्र कच्ची होती. वर्षभर काम पाहायचं आणि मग कायम करायचं, असा नियम. इकडे भोरच्या जयसिंगरावांची इंदुमती मी एकदा पोह्यांच्या बशीआडून पाहिली होती आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नव्हतं. जयसिंगरावांनी स्वच्छ सांगितलं होतं, "आधी कायम व्हा. मग बघू." म्हणजे माझा संसार तालुक्याच्या साहेबांच्या एका सहीवर अडला होता.

अशात वरून फर्मान आलं. गावोगाव सुधारित जातीच्या, पांढऱ्याशुभ्र, विलायती कोंबड्या वाढवायच्या! मी लगेच चावडीवर सभा घेतली. तिथं पिराजी नावाचा एक गृहस्थ बसला होता. प्रत्येक गावात सभा मोडायला एक माणूस नेमलेला असतो, तो आमच्याकडे हा.

"भाऊसाहेब," पिराजी म्हणाला, "पिलं पांढरीफटक. लांबनं दिसणार. गावात घराला दोन-दोन मांजरं हायेत. चार दिस टिकायची न्हाईत."

मी उसळून उठलो. "मांजर आणि कोंबडी एकमेकांचे शत्रू, हा जुनाट समज आहे! आज दिल्लीत पंचशील चाललंय. मोठमोठे देश शांततामय सहजीवन करायला निघालेत, आणि आपल्या परसातल्या दोन जिवांना ते जमू नये?"

"जमंल की," पिराजी म्हणाला. "मांजराला तुमी सांगा. कोंबडीला आमी सांगतू."

सभा हसली. मी चिडलो. आणि चिडलेला माणूस करतो तेच मी केलं. जाहीर करून टाकलं, की हा प्रयोग मी स्वतः, राहत्या घराच्या परसात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करून दाखवीन! साहेबांनाही तसं कळवलं. साहेबांचं उत्तर आलं, "यशस्वी करा. तुमच्या कायम होण्याचा विचार त्यावेळी करू." झालं! माझं लग्न आता कोंबडीच्या पोटाखाली गेलं.

घर हैबतरावांचं. मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचो. हैबतराव दिवसातून चार वाक्यं बोलत आणि त्यातली दोन बैलांशी असत. बाकीचं बोलणं त्यांच्या बायकोकडं, सगुणाकाकींकडं होतं. परस काकींचाच. वांगी, मिरच्या, अळू, दोडक्याचा मांडव, कडेला शेवगा. काकींची एक तांबडी कोंबडी नेमकी तेव्हा खुडूक झाली होती, म्हणजे अंड्यांवर बसायच्या नादानं अंग फुगवून कोपऱ्यात ठाण मांडून होती. शिवाय घरात एक करडं मांजर होतं. काकी सकाळी "ये ठके, ये!" अशी हाळी द्यायच्या आणि दोघीही धावत यायच्या. त्यावरून ठकी हे कोंबडीचं नाव, असं मी मनाशी ठरवून टाकलं. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

पुण्याहून बारा सरकारी अंडी मी स्वतः आणली. भुश्शाची टोपली मांडीवर घेऊन एसटीत बसलो. पिरंगुटचा घाट चढेपर्यंत मी आणि अंडी मिळून किती वेळा छताला लागलो, ते मोजलं नाही.

काकींनी एक अंडं कानाशी धरून हलवलं. "भाऊसाहेब, एष्टीत हिंदकाळलेली अंडी. ह्यातनं काय निघायचं न्हाई."

"काकी, ही सरकारी अंडी आहेत!"

"सरकारी अंडी हिंदकळत न्हाईत व्हय?"

मी दुर्लक्ष केलं. गवताच्या पाटीत अंडी मांडली, कोंबडीला उचलून शास्त्रीय पद्धतीनं वर ठेवली, आणि तिनं तितक्याच शास्त्रीय पद्धतीनं माझ्या मनगटाचा लचका तोडला! वरून कोंबड्या झाकायचं एक डालगं, एका बाजूनं मोडकं, पालथं घातलं. मग मी नियम केला, "दाणापाण्यासाठी काकी दिवसातून एकदा डालगं उचलतील. बाकी कुणीही, मीसुद्धा, जवळ जायचं नाही. उद्घाटन साहेबांच्या हस्ते!" हा नियम मनगटाला हळद लावता लावता सुचला, हे रेकॉर्डवर नाही.

मग सहजीवनाचं शिक्षण सुरू केलं. रोज सकाळी काकींनी डालगं उचललं, की एका बाजूला कोंबडीला कणी आणि हातभर अंतरावर मांजराला दूधभाकरी. पहिल्या दिवशी कोंबडीनं कणी खाल्ली, मग दूधभाकरी खाल्ली, मग मांजराच्या नाकावर चोच मारली. मांजर शेवग्यावर चढलं ते दुपारपर्यंत उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मांजर जेवायलाच शेवग्यावर बसलं. आता गावाचा सगळा घोर मांजर कोंबडीला खाईल याचा होता. मांजराला कुणापासून वाचवायचं, यावर सरकारी पुस्तिकेत एक ओळ नव्हती! मी डायरीत लिहिलं, "मांजर कोंबडीचा आदर करू लागले आहे." आठवड्यानं लिहिलं, "मांजराचे वजन झपाट्याने वाढत आहे. सहजीवन मानवले." मांजराचं वजन दुसऱ्या कशानं वाढू शकतं, हे नाना पेठेत मला कुणी सांगितलं नव्हतं.

आठव्या दिवशी काकी म्हणाल्या, "भाऊसाहेब, अंडी उन्हाला धरून बगितली. समदी पोकळ हायेत."

"सरकारी अंडं कधी पोकळ असेल का, काकी?"

काकी वांग्यांकडं वळल्या. "न्हाई, मी आपलं सांगितलं. बसलीया तर बसू द्या. तिचा नाद तरी फिटंल."

एकोणिसावा दिवस. मी खोलीत तिमाही तक्ता भरत होतो. परसातून काकींची हाक आली.

"भाऊसाहेब! ठकी मोकळी झाली! पिलं झाली!"

पेन उडालं, दौत कलंडली, तक्ता निळा झाला! एकवीस दिवसांचं काम एकोणीस दिवसांत! सरकारी काम, आणि वेळेच्या आधी! मी दारातूनच ओरडलो, "किती?"

"पाच!"

"कुठं झाली?"

"डालग्यातच की! तुमच्या अंड्यांतच!"

"मग आणखी कुठं होणार!" मी डायरी उघडली. "रंग?"

"दोन पांढरी, दोन करडी, एक काळं कुळकुळीत."

हे जरा खटकलं. पुस्तिकेत सगळी पांढरी म्हटली होती. पण मी शिकलेला माणूस. "संकर झाला असेल," मी म्हणालो. "अंगावर काय आहे?"

"काय असनार? लव हाय बारीक."

"उत्तम. डोळे?"

"डोळं अजून कुटलं? आठ-धा दिस लागत्याल."

"हरकत नाही. त्यांना कणी घाला."

काकींचे हात कमरेवर गेले. "कणी? त्येंला?"

"मग काय देताय?"

"आईचं दूध पित्यात की!"

इथं मी हसलो. मनापासून हसलो! खेड्यातल्या बायकांचं अज्ञान पाहून मला त्यांची दया आली. "काकी, कोंबडीला दूध नसतं."

"म्या कवा म्हनलं असतं म्हनून?" काकी म्हणाल्या. "भाऊसाहेब, एकदा येऊन बगून तर जावा."

मी डालग्याकडं पाहिलं. फटीतून एक तांबडा डोळा माझ्या मनगटाकडं पाहत होता. "नाही काकी, नियम म्हणजे नियम. साहेबांच्या हस्तेच!" त्याच दिवशी पौडच्या गाडीनं साहेबांकडं अहवाल धाडला, "अंडी बारा. निघालेली पिल्ले पाच. मांजराची वागणूक अत्यंत मायेची." यातलं शेवटचं वाक्य मी तेव्हा अंदाजानं लिहिलं होतं. आज पाहिलं तर साऱ्या अहवालात तेवढंच निखालस खरं आहे.

तिसऱ्या दिवशी साहेब जीपमधून आले. "शाब्बास! मी तुमचा आकडा वर पुण्याला कळवूनसुद्धा टाकला," म्हणाले. परस माणसांनी भरला. पिराजी पहिल्या रांगेत. डालग्याला मी झेंडूची माळ घातली होती. साहेबांनी गळ्यातला हार सावरला, 'सुधारित भारत' यावर दहा मिनिटं बोलले आणि टाळ्यांच्या गजरात डालगं उचललं.

कोंबडी फडफडून उठली. तिच्या पायाखाली तीन आठवडे पिकलेलं एक सरकारी अंडं फाटकन फुटलं, आणि असा वास सुटला की मागचे लोक पुढचं काही न पाहता घरी गेले! साहेबांच्या विजारीवर पिवळी नक्षी उमटली. आणि त्या सगळ्यातून, डोक्यावर अर्धं पांढरं टरफल टोपीसारखं घेऊन, एक काळं कुळकुळीत पिल्लू लटपटत बाहेर आलं आणि म्हणालं, "म्यँव."

पुढचे लोक वाकून पाहू लागले. मग तुकाबाई नावाची म्हातारी कपाळावर हात मारून किंचाळली, "अगं बया बया! सरकारी अंड्यातनं मांजार निघालं गं!"

एवढ्यात करडं मांजर शेवग्यावरून उतरलं, गर्दीतून वाट काढत पाटीत गेलं आणि आडवं झालं. पाचही पिल्लं त्याला जाऊन लुचली. कोंबडी मागं फिरली, सगळ्यांवरून एक नजर टाकली, आणि मांजरासकट त्या पिल्लांवर पंख पसरून बसली. सहजीवन! माझं एकही भाषण न ऐकलेल्या दोन प्राण्यांनी ते करून दाखवलं होतं. माझ्या डोळ्यांपुढं मात्र इंदुमती पोह्यांची बशी परत आत नेताना दिसली.

"काकी," मी कसाबसा म्हणालो, "ठकी मोकळी झाली म्हणालात ना?"

"मग? ही काय ठकी! मांजार!"

"आणि कोंबडीचं नाव काय?"

"कोंबडीला कोन नाव ठिवतं?" काकी म्हणाल्या. "खायाची असती ती!"

साहेबांनी मला खोलीत घेतलं आणि दार लावलं. विजार ओल्या फडक्यानं पुसत त्यांनी विचारलं, "अहवालात नेमकं काय लिहिलंय तुम्ही?"

"निघालेली पिल्ले पाच."

"आता डालग्यातून किती निघाली?"

"पाच, साहेब."

"फॉर्मात 'कशाची' असा रकाना आहे?"

मी फॉर्म उलटसुलट पाहिला. "नाही, साहेब."

"मग आपण खोटं काय लिहिलं?" साहेब म्हणाले. तेव्हा मला कळलं, की हे साहेब का आहेत आणि मी ग्रामसेवक का आहे.

दारावर थाप पडली. बाहेर पिराजी, हातात कागद. कागदावर बेचाळीस अंगठे आणि सह्या. चेहरा इतका गंभीर, की तो खरोखर गंभीर होता की नव्हता, याचा निकाल मला आजतागायत लागलेला नाही.

"सायेब, भाताच्या कणग्यांत उंदरं लई झाल्यात. गावाचा अर्ज हाय. आमाला बी हीच अंडी पायजेत. कोंबडीची दिऊ नका, मांजराचीच द्या."

त्याच्या मागं, घरी गेलेल्यांसकट, अख्खं गाव उभं होतं. एकही ओठ हलत नव्हता. हैबतराव तेवढे भिंतीकडं तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

साहेबांनी कागद घेतला, अंगठे मोजले आणि त्यांचा चेहरा उजळला. "मागणी बेचाळीस! तालुक्यात सगळ्यात जास्त!" त्यांनी तिथंच शेरा मारला, "लोकांमध्ये प्रचंड उत्साह. ग्रामसेवकास कायम करावे."

दीड महिन्यात हुकूम हाती आला! मी त्याची नक्कल करून भोरला धाडली आणि पोस्टमनची वाट पाहत बसलो. जयसिंगरावांचं उत्तर आलं. कायम झाल्याचं वाचून आनंद झाला, मुलगी देण्यास हरकत नाही, याद्या करायला रविवारी यावं. मी पत्र छातीशी धरलं. मग खाली बारीक अक्षरात दोन ओळी दिसल्या.

"ता. क. हैबतरावांचे व्याही आमच्या आळीतच राहतात. त्यांच्याकडून सर्व समजले. आमच्याकडेही उंदरांचा उपद्रव फार आहे. तरी येताना त्यांतील चार अंडी आणावीत."

रविवारी मी एसटीत बसलो, मांडीवर तीच भुश्शाची टोपली. सासऱ्यांनी ओसरीवर सगळ्या पाहुण्यांसमोर झाकण काढलं. आत ते काळं पिल्लू झोपलं होतं.

"रस्ता खराब," मी मान खाली घालून म्हणालो. "वाटेतच निघालं."

जयसिंगरावांनी पिल्लू उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, टोपलीतला भुसा बोटांनी चाळला आणि सरकारी साहेबाच्या सुरात विचारलं, "टरफल कुठं आहे?"

दाराआडून खळखळून हसू आलं. ते इंदुमतीचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ते अजून थांबलेलं नाही. मी ऑफिसातून येऊन काही बढाई मारायला लागलो, की ती पोळी लाटता लाटता मान वर न करता एवढंच विचारते, "टरफल?"